जंगल ते नांगरट: मातीतल्या कर्बाचं मॉडेल बांधताना

भूवापर बदलला की मातीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) किती घटतो किंवा वाढतो, हे मोजून त्याचं मॉडेल बांधण्याचं काम आम्ही गटाने करतो. जंगल, गवताळ कुरण, फळबाग, नांगरटीचं शेत आणि पडीक असे भूवापराचे पाच वर्ग, मातीचा वरचा ३० सें.मी. थर, आणि पुढच्या २० वर्षांचा अंदाज, अशी कामाची चौकट. ३० सें.मी. आणि २० वर्षं हे दोन्ही आकडे आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरसरकारी गटाच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेतले आहेत. बहुतेक जण तेच वापरतात, त्यामुळे तुलना सोपी जाते.

मॉडेल प्रत्यक्ष चालवायला फार वेळ लागत नाही. उत्तर बरोबर येणार की चूक, हे त्याआधीच ठरून गेलेलं असतं: नमुने कुठून घेतले, घनता कशी काढली, जमिनीचा इतिहास किती माहीत आहे, दरवर्षी मातीत किती कर्ब पडतो याचा अंदाज कसा बांधला. म्हणून इथे जास्त शब्द त्यावरच खर्च केले आहेत.

कुदळ मारण्याआधी कागदावर एक ढोबळ अंदाज काढून ठेवावा. आयपीसीसीच्या पद्धतीत मूळ, नैसर्गिक वनस्पतीखालच्या मातीतला कर्बसाठा धरतात आणि त्याला भूवापराच्या गुणकाने गुणतात. २००६ च्या तक्त्यात दीर्घकाळ कसलेल्या जमिनीचा गुणक उष्ण दमट हवामानात ०.४८, उष्ण कोरड्यात ०.५८, समशीतोष्ण दमट हवामानात ०.६९ आणि समशीतोष्ण कोरड्यात ०.८० आहे. भातखाचरांसाठी १.१०, बारमाही झाडांच्या पिकांसाठी १.००. हे सरासरी गुणक आहेत, एका विशिष्ट शेताला लावायचे नाहीत. पण आपले मोजलेले आकडे यांच्यापासून फार दूर गेले, तर आधी आपलीच मोजणी तपासावी.

दिशेचा अंदाज घ्यायला २००२ मध्ये गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी केलेलं एकत्रित विश्लेषण अजूनही उपयोगी पडतं. मूळ जंगलाचं शेत झालं की साठा सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, कुरणाचं शेत झालं की ५९ टक्क्यांनी. शेत सोडून तिथे जंगल परत वाढलं, तर ५३ टक्के वाढ. आणि कुरणावर एकसुरी वृक्षलागवड केली तर १० टक्के घट! झाडं लावली म्हणजे मातीतला कर्ब वाढलाच, हे गृहीतक मॉडेलमध्ये नकळत घुसतं. ते आधीच बाहेर काढलेलं बरं. गवताची मुळं दाट असतात, दरवर्षी मरतात आणि मातीतच कुजतात. झाडाचा पाला वर पडतो आणि त्यातला बराच कर्ब खनिज मातीत न मिसळताच हवेत परत जातो.

नमुने

तुलनेतला सर्वांत मोठा धोका नमुन्याच्या जागेत असतो. आज जिथे जंगल शिल्लक आहे ती जमीन बहुधा उताराची, उथळ किंवा दगडाळ असते, आणि शेती सखल, खोल, चिकणमाती जास्त असलेल्या जमिनीवर असते. लोकांनी नांगरायला चांगलीच जमीन निवडली. अशा दोन ठिकाणांचे नमुने शेजारी ठेवले, तर दिसणारा फरक भूवापराचा आहे की मातीचा, हे सांगता येत नाही. आजचं जंगल म्हणजे शेताचा भूतकाळ, असं आपण धरतो. ते धरायचं, तर दोन्हीकडे मूळ खडक, उतार आणि चिकणमातीचं प्रमाण सारखं असायला हवं. आम्ही जोड्या लावताना चिकणमातीच्या टक्केवारीत ५ पेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. चिकणमाती ३०-५० सें.मी. थरातही तपासतो, कारण वरच्या थरात धूप झालेली असू शकते. जोडी जुळत नसेल तर ती जागा सोडून द्यावी. दहा खराब जोड्यांपेक्षा चार चांगल्या जोड्या जास्त सांगतात.

नमुने किती, याचं गणित साधं आहे. एका वर्गातला चढउतार, म्हणजे विचलन गुणांक, ३० टक्के असेल आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत हवी असेल, तर १.९६ × ३० ÷ १० याचा वर्ग करायचा: सुमारे ३५ जागा. तेवढं शक्य नसेल तर २० टक्के चूक मान्य करून ९ जागांवर थांबता येतं, पण मग अहवालात ५ टक्क्यांच्या फरकावर काही लिहू नये.

प्रत्येक जागी ०-१०, १०-३० आणि ३०-५० सें.मी. असे तीन थर घ्यायचे. ३० पर्यंतच हिशेब करायचा असला तरी ५० पर्यंत खणावं लागतं, कारण पुढे येईल. पालापाचोळा हाताने बाजूला करायचा आणि वेगळा तोलायचा. तो मातीच्या कर्बात मिसळला तर जंगलाचा आकडा फुगतो. कर्बासाठी पाच ते आठ उपनमुने एकत्र करून चालतात. फळबागेत झाडाखालची आणि दोन ओळींमधली माती वेगळी ठेवायची आणि शेवटी क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी काढायची. खत, पाणी आणि पाला झाडाच्या बुंध्याशी जातात, त्यामुळे फक्त तिथलाच नमुना घेतला तर बाग प्रत्यक्षापेक्षा श्रीमंत दिसते.

घनता आणि दगड

साठ्याचं सूत्र एका ओळीचं आहे:

कर्बसाठा (टन प्रति हेक्टर) = कर्ब टक्के × स्थूल घनता (ग्रॅम प्रति घन सें.मी.) × थराची जाडी (सें.मी.)

स्थूल घनता म्हणजे ठरावीक आकारमानातल्या कोरड्या मातीचं वजन. कर्बाची टक्केवारी प्रयोगशाळेत दोन दशांशांपर्यंत मोजतात आणि घनता मात्र पोतावरून तक्त्यातून उचलतात, असं सर्रास घडतं. तिथेच मोजणीची सगळी अचूकता संपते. घनता प्रत्येक जागी, प्रत्येक थरात, धातूचं कडं ठोकून मोजावी. कडं ठोकताना आतली माती दबते का ते पाहायचं: कड्याच्या आत आणि बाहेर मातीचा पृष्ठभाग एकाच पातळीत नसेल तर तो नमुना टाकून द्यायचा. माती १०५° सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची.

भेगा पडणाऱ्या चिकण मातीत आणखी एक अडचण येते. ती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तिची घनता ओलीप्रमाणे बदलते. सगळे वर्ग एकाच ओलाव्यावर मोजायचे, शक्यतो चांगला पाऊस पडून जास्तीचं पाणी निथळल्यानंतर. जंगल पावसाळ्यानंतर आणि शेत उन्हाळ्यात मोजलं, तर आलेला फरक ऋतूचा असतो.

दगडांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण इथली चूक सहसा पकडली जात नाही. २ मि.मी. चाळणीवर राहणाऱ्या खड्यांमध्ये कर्ब नाही असं धरतो. समजा १०० घन सें.मी.च्या कड्यात २० घन सें.मी. दगड निघाले. २.६५ घनतेने त्यांचं वजन ५३ ग्रॅम. उरलेली बारीक माती ९६ ग्रॅम. एकूण वजन १४९ ग्रॅम, म्हणून घनता १.४९ लिहितात, मग दगडांसाठी २० टक्के वजा करून १.१९ वापरतात. खरा आकडा ०.९६ आहे. म्हणजे साठा जवळजवळ २४ टक्क्यांनी फुगला, आणि तोही "दगडांची दुरुस्ती" केल्यानंतर. सोपा उपाय असा: बारीक मातीचं कोरडं वजन भागिले कड्याचं संपूर्ण आकारमान. आणखी कुठलीही दुरुस्ती लागत नाही. उताराच्या जंगलात दगड जास्त असतात, त्यामुळे ही चूक नेमकी जंगलाच्या बाजूने झुकते.

प्रयोगशाळा

रसायनाने कर्ब जाळून मोजणारी वॉकली-ब्लॅक पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यात सरासरी ७७ टक्केच सेंद्रिय कर्ब जळतो असं धरून निकालाला १.३ ने गुणतात. कोळसा ती फारसा पकडत नाही. कोरड्या ज्वलनाची पद्धत सगळा कर्ब जाळते, चुनखडीतलासुद्धा. म्हणून नमुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फेस येतो का ते आधी पाहायचं. आला तर आम्लाने चुनखडी काढून मगच ज्वलन, किंवा चुनखडीतला असेंद्रिय कर्ब वेगळा मोजून वजा. एका वर्गाचे नमुने एका पद्धतीने आणि दुसऱ्याचे दुसऱ्या पद्धतीने तपासले असतील तर तुलना करूच नये. अहवालावर "सेंद्रिय कर्ब" लिहिलं आहे की "सेंद्रिय पदार्थ", हेही बघा, दोन्हींत १.७२४ चा गुणक आहे आणि जुन्या तक्त्यांमध्ये ते सर्रास मिसळलेले सापडतात.

सारखी खोली नव्हे, सारखं वजन

आता ५० सें.मी. का, ते. समजा जंगलात ०-३० थराची घनता १.१० आणि कर्ब १.६ टक्के; शेतात घनता १.४० आणि कर्ब १.० टक्का. सूत्राने जंगलात ५२.८ आणि शेतात ४२ टन येतात, फरक १०.८ टन. पण जंगलातल्या ३० सें.मी. मध्ये हेक्टरी ३,३०० टन माती आहे आणि शेतात ४,२०० टन. यंत्रांनी आणि गुरांच्या पायांनी माती दबली, म्हणून त्याच खोलीत आपण ९०० टन जास्त माती मोजली. तेवढीच, म्हणजे ३,३०० टन माती शेतातून घेतली तर ती सुमारे २३.६ सें.मी. पर्यंतच भरते आणि तिच्यात ३३ टन कर्ब असतो. फरक १९.८ टन. माती तीच, नमुने तेच, उत्तर जवळजवळ दुप्पट.

उलटही करता येतं: ४,२०० टन हा आधार धरायचा आणि जंगलात ३० सें.मी. च्या खालची ९०० टन माती मिळवायची. त्यासाठीच ३०-५० चा नमुना हवा. आम्ही सर्वांत जड वर्गाचं वजन आधार धरतो, म्हणजे कुठलीही मोजलेली माती फेकली जात नाही.

मॉडेल

आम्ही रॉथसी हे मातीतल्या कर्बाचं मॉडेल वापरतो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राच्या दीर्घकालीन प्रयोगांवर बेतलेलं हे मॉडेल महिन्याच्या पायरीने चालतं आणि त्याला लागणारी माहिती कमी आहे. सेंच्युरीसारखी मॉडेलं नायट्रोजनही हाताळतात, पण त्यांचे निम्मे मापदंड अंदाजाने भरायचे असतील तर त्या बारकाव्याचा काही फायदा नाही. इन्व्हेस्टसारखं साधन प्रत्येक भूवापराला तक्त्यातला एकच आकडा चिकटवतं. नियोजनाच्या पहिल्या चर्चेला ते पुरतं, पण खत घातलेलं आणि न घातलेलं शेत त्याला सारखंच दिसतं.

रॉथसीत कर्बाचे पाच भाग आहेत. लवकर कुजणारा वनस्पती-अंश वर्षाला १० या दराने, चिवट अंश ०.३, सूक्ष्मजीव ०.६६ आणि ह्यूमस (कुजून मुरलेला, टिकाऊ अंश) ०.०२ या दराने कुजतो; आकडा जितका मोठा, तितकं कुजणं जलद. पाचवा भाग निष्क्रिय, तो बदलत नाही. निष्क्रिय भाग बहुधा ०.०४९ × एकूण साठा^१.१३९ या फॅलून आणि सहकाऱ्यांच्या समीकरणाने काढतात. दरांना तापमान, ओल आणि आच्छादन यांचे गुणक लागतात. तापमानाचा गुणक १५° ला सुमारे १.९ आणि २५° ला ३.८ असतो, म्हणजे दहा अंशांत दुप्पट. आच्छादन असलेल्या महिन्यात ०.६, उघड्या जमिनीवर १.०. शेत आणि कुरण यांच्यातला बराच फरक या एका गुणकातूनच येतो, म्हणून कुठल्या महिन्यात जमीन उघडी असते हे शेतकऱ्याला विचारून भरायचं. उपग्रहाच्या हिरवेपणाच्या निर्देशांकावर विसंबायचं असेल तर तो काही ठिकाणी प्रत्यक्ष पडताळायचा. कापणीनंतर उभं राहिलेलं धसकट हिरवं दिसत नाही.

चिकणमातीचा परिणाम कुजल्यावर किती कर्ब मातीत टिकतो यावर होतो: चिकणमाती ५ टक्के असेल तर सुमारे १७ टक्के, २० असेल तर २१.५ आणि ५० असेल तर २४ टक्के. २० च्या पुढे फरक मंदावतो, म्हणून वाळूसर जमिनीत चिकणमातीची मोजणी जास्त काळजीने करावी.

वनस्पतीचा कर्ब पहिल्या दोन भागांत कसा वाटायचा, याचं गुणोत्तर (लवकर कुजणारा भागिले चिवट) पिकांसाठी आणि सुधारित कुरणांसाठी १.४४, नैसर्गिक गवत-झुडपांसाठी ०.६७ आणि पानझडी किंवा उष्ण प्रदेशातल्या जंगलांसाठी ०.२५ आहे. आर या संगणकभाषेतल्या सॉइल-आर या मातीच्या मॉडेलांच्या संचात १.४४ आपोआप भरलेलं असतं. जंगलासाठी ते बदललं नाही, तर कार्यक्रम तक्रार न करता चालतो आणि साठा कमी दाखवतो. फळबागेसाठी स्वतंत्र आकडा नाही. आम्ही पाला-फांद्यांचा भाग ०.२५ ने आणि खालच्या गवताचा ०.६७ ने वाटून एकत्र करतो. शेणखत घातलं असेल तर ते स्वतंत्र भरायचं: ४९ टक्के लवकर कुजणाऱ्यात, ४९ टक्के चिवट अंशात, २ टक्के थेट ह्यूमसमध्ये.

ओलीच्या गणितात तीन खाचखळगे आहेत. मॉडेल उघड्या भांड्यातलं बाष्पीभवन अपेक्षित धरतं आणि त्याला ०.७५ ने गुणतं. आपल्याकडे संभाव्य बाष्पोत्सर्जन (पुरेसं पाणी असताना जमीन आणि वनस्पती मिळून उडवतील तेवढं पाणी) असेल तर तो गुणक १ करायचा, नाहीतर माती खऱ्यापेक्षा ओली दिसते आणि कर्ब जास्त वेगाने कुजतो. दुसरं, थराची जाडी मुळात २३ सें.मी. धरलेली आहे, ३० साठी ती बदलावी लागते. ५० टक्के चिकणमातीत ओलीच्या तुटीची (माती किती पाण्याने कोरडी पडली आहे याची) कमाल मर्यादा २३ सें.मी. ला ६० मि.मी. असते, ती ३० ला ७८ होते. तिसरं, गणना जानेवारीत शून्य तुटीने सुरू होते. जिथे पावसाळा वर्षाच्या मध्यात असतो तिथे जानेवारीत माती आधीच कोरडी पडलेली असते. बारा महिन्यांची मालिका तीनदा जोडून चालवायची आणि शेवटचं वर्ष वापरायचं.

कर्ब येतो किती?

दरवर्षी मातीत येणारा कर्ब, म्हणजे आवक: सगळ्यांत कच्चा आकडा हाच, आणि उत्तर सगळ्यांत जास्त हलवतो तोही हाच. शेतासाठी उत्पादनावरून मागे जातो. समजा कोरडं धान्य हेक्टरी ३ टन आणि कापणी निर्देशांक (जमिनीवरच्या एकूण वस्तुमानातला धान्याचा वाटा) ०.४, तर जमिनीवरचं एकूण वस्तुमान ७.५ टन, त्यातला काडीकचरा ४.५ टन. काडी उचलली आणि पाचवा हिस्सा धसकट राहिलं तर ०.९ टन. मुळं वरच्या भागाच्या ०.२ धरली तर १.५ टन. त्याचा ४५ टक्के कर्ब: १.०८ टन. काडी शेतातच राहिली तर २.७ टन. म्हणजे "नांगरटीचं शेत" हा एक वर्ग नाहीच. काडी उचलणारं आणि काडी ठेवणारं, असे किमान दोन वर्ग करावेत. धान्याच्या वजनातली ओल आधी वजा करा, आणि टन कर्ब की टन कोरडा पाला, वर्षाचे की महिन्याचे, हे प्रत्येक स्तंभाच्या नावातच लिहा.

जंगलात मुळांची उलाढाल मोजणं अवघड, म्हणून मॉडेल उलटं चालवतो. स्थिर अवस्थेत, म्हणजे जितका कर्ब येतो तितकाच कुजतो तेव्हा, सक्रिय साठा आवकीच्या प्रमाणात असतो. वार्षिक १ टन आवकीवर मॉडेल १२ टनांवर स्थिरावलं, असं समजा. मोजलेला साठा ५२.८, त्यातला निष्क्रिय ४.५, उरले ४८.३, म्हणजे आवक सुमारे ४ टन. मग ती पाला गोळा करण्याच्या जाळ्यांतून आलेल्या मोजणीशी ताडून पाहायची. नुसता पालाच त्यापेक्षा जास्त निघाला, तर त्यातला किती मातीत शिरतो हा प्रश्न आहे, किंवा ते जंगल स्थिर अवस्थेत नाही: कधीतरी तोडलेलं, जळलेलं किंवा जुन्या शेतावर वाढलेलं.

शेतासाठी हीच उलटी युक्ती वापरू नये. शेत जंगलातून आलेलं असतं आणि त्याची घट अजून चालू असू शकते. आधी जंगलाच्या आवकीवर मॉडेल हजारो वर्षं चालवून स्थिर करायचं, मग रूपांतराच्या वर्षापासून शेताची आवक, आच्छादन आणि गुणोत्तर लावून आजपर्यंत यायचं, आणि आजचा मोजलेला साठा मिळतो का ते पाहायचं. रूपांतराचं वर्ष जुने नकाशे, जमिनीच्या नोंदी आणि १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रं यांतून काढता येतं. शेत स्थिर धरलं, तर पुढच्या २० वर्षांची घट शून्य दिसते आणि काडी ठेवण्याचा फायदा मोठा वाटतो. प्रत्यक्षात त्यातला काही भाग फक्त चालू घट थांबवण्यात जातो.

उताराच्या शेतात मॉडेलपेक्षा मोजलेला साठा कमी आला, तर कुजण्याचे दर बदलू नका. तो कर्ब बहुधा धुपून खाली गेला आहे, आणि त्याचा काही भाग पायथ्याच्या मातीत सापडेल. कायम पाणथळ आणि पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनींसाठी रॉथसी बनवलेलंच नाही. भातखाचरांतही ते मूळ दरांनी कर्ब फार वेगाने कुजवतं. त्या जागा नकाशावर रिकाम्या ठेवून वेगळ्या पद्धतीने हाताळाव्यात.

नकाशा आणि अनिश्चितता

नकाशावर नेताना भूवापराचं चित्र दुसऱ्या आकाराच्या चौकोनांच्या जाळीत बदलायचं असेल तर जवळच्या चौकोनाचीच किंमत घ्यायची. सरासरी काढली तर वर्ग २ आणि वर्ग ४ यांच्या सीमेवर वर्ग ३ उगवतो. क्षेत्रफळ समक्षेत्र प्रक्षेपणातच, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणाऱ्या नकाशातच मोजावं. प्रत्येक चौकोनासाठी मॉडेल चालवण्याची गरज नाही; माती, हवामान आणि भूवापर यांच्या वेगवेगळ्या जोडण्या काढून तेवढ्याच चालवल्या की काम कित्येक पटींनी हलकं होतं. पडताळणीला नमुने यादृच्छिक न वगळता पूर्ण ठिकाणंच वगळावीत, कारण शेजारचे नमुने एकमेकांसारखे असतात आणि अचूकता खोटी वाढवतात.

अनिश्चिततेसाठी आवक, चिकणमाती, घनता आणि रूपांतराचं वर्ष त्यांच्या शक्य कक्षेत बदलून मॉडेल हजारदा चालवतो. जंगल आणि शेत यांच्या फरकासाठी दोन्हींना प्रत्येक फेरीत तेच हवामान द्यायचं. वेगवेगळं दिलं तर फरकाची चूक विनाकारण वाढते.

शेवटी काळाचा हिशेब. २०१५ च्या पॅरिस परिषदेत मांडलेलं दरवर्षी हजारी ४ वाढीचं उद्दिष्ट ४० टन साठ्यावर लावलं तर वर्षाला ०.१६ टन होतात, पाच वर्षांत ०.८ टन. आपली मोजणीची चूक १० टक्के, म्हणजे ४ टन. पाच वर्षांनी परत मोजून "वाढ झाली" किंवा "झाली नाही" असं दोन्हींपैकी काहीही म्हणता येत नाही. मुदत लांबवा, आणि प्रत्येक खड्ड्याची जागा पक्की नोंदवून पुढच्या वेळी त्याच्या दोन-तीन मीटरच्या आत, त्याच ऋतूत, त्याच ओलाव्यावर नमुना घ्या. जोडीने मोजल्यामुळे चूक बरीच खाली येते. प्रत्येक नमुन्याची वाळवलेली माती हवाबंद डब्यात राखून ठेवावी, म्हणजे प्रयोगशाळा किंवा पद्धत बदलली तरी जुनी आणि नवी माती एकाच वेळी, एकाच यंत्रावर तपासता येते.